विनातिकीट मंडळी

भारतीय रेल्वेच्या लेखी पाच वर्षांखालचं मूल म्हणजे हवा. त्याला तिकीट लागत नाही, बर्थ मिळत नाही, टीसी त्याच्याकडे बघून फार तर गालातल्या गालात हसतो. या हिशोबाने नुकतेच मांडवी एक्सप्रेसने ठाण्याहून कुडाळला गेलो ते आम्ही दोघंच, नवरा आणि मी. सोबतची हवा अशी: थोरले, वय पावणेतीन वर्षं, आणि धाकट्या बाई, वय सात महिने.

स्लीपरच्या एका तिकिटावर ४० किलो सामान नेता येतं, ही माहिती आदल्या रात्री बॅगा भरताना नवऱ्याने पुरवली. मदत म्हणून एवढंच. म्हणजे दोघांचं मिळून ८० किलो. त्यात नवऱ्याचं दाढीचं सामान आणि माझे चार ड्रेस बॅगेच्या एका कोपऱ्यात मावले. उरलेलं सगळं हवेचं. दुपट्यांची चळत, झबली, टोपडी, डायपरचं भलंमोठं पुडकं, नाचणीच्या सत्त्वाचा डबा, गरम पाण्याचा थर्मास, वाटी-चमचा आणि एक चाक निखळलेला पिवळा ट्रक. हा ट्रक बॅगेत ठेवायचा नसतो. त्याला बरं नसल्यामुळे तो मांडीवरूनच प्रवास करतो. शिवाय माझ्या आईने गुटी उगाळायची सहाण दिली होती. कुडाळला सासूबाईंच्या घरी पिढ्यान् पिढ्या झिजलेली सहाण आहे हे आईला ठाऊक होतं. पण ‘त्यांची त्यांच्याकडे, आपली आपल्याकडे’. जांभ्याच्या मुलखात मुंबईहून दगड घेऊन जाणारं आमचं एकमेव कुटुंब असावं.

नवरा रेल्वेवेडा आहे. लहानपणी मे महिन्यात एसटीने गावी जाताना प्रत्येक घाटात त्याने पोट रिकामं केलेलं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला, तेव्हापासून तो तिच्याकडे एक वाहन म्हणून बघतच नाही. ज्या आदराने लोक कुलदैवताचं नाव घेतात, त्या आदराने तो ही रेल्वे उभारणाऱ्याचं नाव घेतो: ‘ई. श्रीधरन’. मुलांना आपल्या मुलखाची ओळख व्हावी म्हणून यंदा दिवसाची गाडी त्यानेच निवडली होती. खिडकीत बसून, एकेक स्थानक दाखवत, नीट समजावून सांगायचा बेत होता.

“रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर,” रोहा मागे पडल्यावर त्याने सुरुवात केली. “आणि पुलांची संख्या...”

तेवढ्यात थोरल्यांनी धाकट्या बाईंचा डावा मोजा खिडकीच्या गजांतून बाहेर सोडला. तो का सोडला, याचं उत्तर त्यांनी लगेच दिलं: “तो उडतो.” मग उजवाही उडतो का, हे पाहणं ओघाने आलंच. नवऱ्याने उजवा वाचवला. पुलांची संख्या राहिली.

बाई तोवर झोपल्या होत्या. लहान बाळासाठी खालच्या बर्थला जोडायचा छोटासा बर्थ २०२२ साली लखनौ मेलमध्ये करून पाहिला होता, असं नवरा म्हणाला. तो सगळीकडे यायला हवा, असं त्याचं मत. मी समोर पाहिलं. दोन फुटांची व्यक्ती सहा फुटांच्या बर्थवर हातपाय अशा दिशांना टाकते की मोठ्या माणसाला एका मांडीवर बसावं लागतं. त्या छोट्या बर्थची गरज बाळाला नसून आईला आहे, हे मी नवऱ्याला सांगितलं. बाळ मोठ्यावर झोपेल, छोट्यावर मी.

मांडवी खाण्यापिण्यासाठी नावाजलेली आहे. डब्यातून सतत कोणी ना कोणी काही ना काही घेऊन जात असतं. वडे गेले की कटलेट येतात, कटलेट गेले की सूप. थोरल्यांचा नियम साधा आहे: समोर उभ्या असलेल्या माणसाकडचं नको, पुढच्या डब्यात गेलेल्या माणसाकडचं हवं. वडेवाला उभा होता तेव्हा त्यांनी मान फिरवली. तो दिसेनासा झाल्यावर “माझा वडा गेलाऽऽ” असा टाहो फोडला. अशा वेळी घरी दार लावून घेता येतं. इथे माणसांनी भरलेल्या डब्यात प्रत्येकाला वाटलं, या आईने पोराला वडा नाकारला. समोरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या एका नजरेत मी सगळ्या मातांच्या नावाला बट्टा लावला असल्याचं मला समजलं. नवरा वडेवाल्याच्या मागे तीन डबे पळाला. परत आला तेव्हा थोरल्यांना कटलेट हवं होतं.

कटलेट आलं, आणि त्याचा एक तुकडा जाग्या झालेल्या बाईंनी शिताफीने पळवून तोंडात घातला. तो मी बोटाने काढला. मग डब्याचा सल्ला सुरू झाला. दात येतायत, म्हणून चावायला मागतेय. छे, दात नाहीत, पोट दुखतंय. कानात कोमट तेल घाला. डॉक्टर तर कानात काहीही घालू नका म्हणतात. डॉक्टरांना किती मुलं आहेत? बाई या सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होत्या आणि ज्याचा सल्ला चालू असेल त्याचा चष्मा ओढत होत्या.

शेवटी खिडकीपाशी बसलेल्या मालवणी काकूंनी हात पुढे केले. “माका दी गो चेडू. तू आधी चार घास खा.” बाळ एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कसं जेवायचं हे मी सात महिन्यांत शिकले आहे; दोन्ही हातांनी कसं जेवतात ते विसरले होते. पोळी दोन हातांनी तोडताना मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. काकूंनी बाईंना पायांवर आडवं घेतलं, दोन थापट्या मारल्या आणि त्या झोपल्या. मी रोज रात्री याच कामाला तासभर देते.

ही झोप गाडीच्या चालण्यावर टांगलेली होती. रोहा ते वीर मार्ग दुपदरी झाला आहे, २०२१ पासून. त्या पट्ट्यात बाई मघाशी निर्धास्त झोपल्या होत्या. त्यापुढे बहुतेक सगळा मार्ग एकेरी, समोरून गाडी येणार असली की आपण स्थानकात बाजूला थांबायचं. क्रॉसिंग. गाडी थांबली की खडखडाट थांबतो, खडखडाट थांबला की बाईंचे डोळे उघडतात. नवऱ्याला एकेरी मार्गाच्या कामकाजाचं फार कौतुक होतं. खेडच्या पुढे एका छोट्या स्थानकात गाडी थांबली आणि बाईंनी सूर लावला, त्यानंतर दुपदरीकरणाच्या बाजूने त्याच्याइतकं कळकळीने बोलणारा माणूस डब्यात नव्हता.

पण त्याच क्रॉसिंगला चमत्कार झाला. समोरून मालगाडी आली आणि तिच्या सपाट वाघिणींवर एकामागोमाग एक खरेखुरे ट्रक उभे होते. लाल, निळे, ताडपत्री बांधलेले. केबिनमध्ये ड्रायव्हर पाय पसरून बसलेले. कोलाडहून ट्रक असे रेल्वेवर चढवून नेतात, रो-रो सेवा, १९९९ पासून चालू. डिझेल वाचतं, टायर झिजत नाहीत, घाटरस्त्याचा ताण नाही. नवऱ्याने हे सगळं सांगितलं. थोरल्यांनी त्यातलं काहीही ऐकलं नाही. त्यांचं तोंड उघडं होतं.

“ट्रक गाडीत बसले?”

“हो.”

“का?”

नवऱ्याने डिझेलपासून पुन्हा सुरुवात केली. मी म्हटलं, “दमले म्हणून.”

हे त्यांना पटलं. त्यांनी मांडीवरच्या तीनचाकी पिवळ्या ट्रकला उचलून ते दाखवलं. मग विचारलं, “ट्रकने तिकीट काढलं?” समोरचे आजोबा पहिल्यांदा हसले. म्हणाले, “त्यांना लागतं हो. फुकट फक्त तुम्ही.”

चिपळूणला थोरल्यांना शूला जायचं होतं. इथे नवऱ्याने माहिती दिली नसती तर पुढचा प्रवास वेगळा झाला असता. आता पूर्वीसारखं सगळं रुळांवर पडत नाही, डब्याखाली टाकी असते, डीआरडीओने शोधलेले जिवाणू असतात, ते सगळं खाऊन टाकतात, असं त्याने दारातच सांगितलं. थोरले थबकले. “मला पण खातील?” नाही रे, ते फक्त घाण खातात. थोरल्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हातांना कटलेट, धूळ आणि खिडकीचा गंज लागला होता. ते मागे फिरले आणि रत्नागिरीपर्यंत शूचं नाव काढलं नाही.

बोगद्यांचं प्रकरणही नवऱ्याने असंच अंगावर ओढवून घेतलं. या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. एक जवळ आलेला दिसला तेव्हा त्याने हात वर केला आणि “एक, दोन, तीन, अंधार!” म्हणाला. अंधार झाला. डब्यातली सगळी पोरं किंचाळली. मग “एक, दोन, तीन, उजेड!” म्हणाला, आणि उजेड झाला. थोरल्यांनी बापाकडे जे पाहिलं ते बघून मला असूया वाटली. मी रोज त्यांना जेवू घालते, आंघोळ घालते, त्यांच्या ट्रकला औषध देते. असं मला कधी पाहिलेलं नाही. पुढच्या सगळ्या बोगद्यांत हेच चाललं. शेजारच्या खणातली पोरंही येऊन बसली. नवऱ्याचा अंदाज चांगला होता. बोगद्याचं तोंड यायच्या नेमका आधी तो ‘तीन’ म्हणायचा. बाई मात्र बोगद्यात गाढ झोपायच्या. एवढा आवाज त्यांना मानवत होता.

उक्षी गेलं आणि करबुडे आला. साडेसहा किलोमीटर, या मार्गावरचा सर्वांत लांब बोगदा. नवऱ्याला हे पाठ होतं, पण कीर्तीच्या शिखरावर माणसाला पाठ असलेलं आठवत नाही. त्याने झोकात अंधार केला. पोरं किंचाळली. थोड्या वेळाने थोरले म्हणाले, “पुरे. आता उजेड कर.”

“एक, दोन, तीन, उजेड!”

अंधार.

“एक, दोन, तीन...”

अंधारच. खडखडाट वाढला, खिडकीतून गार, ओलसर हवा येत राहिली. शेजारच्या खणातल्या मुलीने विचारलं, “काका, येत नाही का?” नवरा म्हणाला, मोठा बोगदा आहे, थांबायला लागेल. थोरले थोडे थांबले. मग अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी निदान केलं:

“आई, बाबा बिघडला!”

काकूंचा पदर तोंडाला गेला. आजोबांनी वर्तमानपत्र पूर्ण चेहऱ्यासमोर धरलं आणि ते वर्तमानपत्र हलत राहिलं. बोगदा संपला तेव्हा उजेड आपोआप आला, कोणीही न मोजता, आणि पोरं आपापल्या खणांत परत गेली.

रत्नागिरी सोडल्यावर नवऱ्याची एकच इच्छा उरली होती, पानवल नदीवरचा पूल. ६४ मीटर उंच. मोबाईल काढून, खिडकीला गाल लावून तो तयार बसला. नेमकं तेव्हा, चिपळूणपासून अडवून धरलेलं सगळं थोरल्यांच्या सहनशक्तीपलीकडे गेलं. “बाबा, शू. आत्ता.” आई चालत नाही, जिवाणूंशी ओळख बाबाची. दोघं पळाले. मी मांडीवर बाईंना घेऊन खिडकीशी सरकले आणि जमीन खाली गेली. झाडांचे शेंडे पायाखाली, त्यांच्याही खाली दरी, तळाशी नदीची रेघ. बाईंनी दोन्ही हात काचेच्या दिशेने पसरले, आणि काच वर असल्यामुळे ते हात वाऱ्याला लागले. मग पूल संपला.

“पूल आला का?” ओल्या हातांनी परतलेला नवरा.

“आला आणि गेला.”

“कसा होता?”

“६४ मीटर,” मी म्हटलं.

कुडाळला सासूबाई फलाटावर आल्या होत्या. बाईंना उराशी धरून त्यांनी आधी पायांकडे पाहिलं आणि दुसऱ्या मोज्याची चौकशी केली. मग थोरल्यांना म्हणाल्या, “प्रवास बरो झालो मां, बाळा?” थोरल्यांनी वृत्तान्त दिला: ट्रक दमले, म्हणून गाडीत बसले. शू जिवाणूंना दिली. बाबा बिघडला होता, पण आता बरा आहे. ७४१ किलोमीटरचा उल्लेख नव्हता. सहाण निघाली तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. ती त्यांनी दाराला टेकण म्हणून लावली.

परतीचं आरक्षण रात्रीच्या गाडीचं आहे. नवऱ्याचं म्हणणं, मुलं झोपतील, बोगदे दिसणार नाहीत आणि उजेडाची जबाबदारी कोणावर येणार नाही. थोरल्यांना हे कालच कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, “रात्रभर बोगदा? मग बाबा आधी दुरुस्त करून घे.”