एक पाय परदेशात

नागालँडमधल्या मोनहून लोंगवाला जाणाऱ्या सुमोत माणसं मोजून घेत नाहीत, ठासून भरतात. माझ्या मांडीवर कोन्याक जमातीच्या एका आजीबाईंची कोंबडी आली. वाटेत ती हूं की चूं करत नव्हती. खड्ड्यागणिक कोकलत होतो तो मी. शेवटी आजीबाईंनी कोंबडी माझ्याकडून काढून घेतली. तिला त्रास होत असावा.

लोंगवात आंघाच्या, म्हणजे कोन्याकांच्या राजाच्या, घरातून भारत-म्यानमारची सरहद्द जाते. गाव आधीपासूनच होतं, सरहद्द मागाहून आत शिरली. 1967 साली दोन सरकारांनी करार केला, पुढे डोंगरावर खांब रोवले. आंघाला पलीकडची गावंही मानतात, ती तशीच मानत राहिली. गंमत म्हणजे नागालँडात शिरायला आम्हा भारतीयांना 1873 च्या इंग्रजी कायद्याचं इनर लाइन परमिट लागलं, आणि परदेशात मात्र चुलीला वळसा घालून पोचलो.

आमच्यातल्या साताऱ्याच्या काकांनी एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढून घेतला. तेवढ्यात फोनने पलीकडचं नेटवर्क पकडलं, घड्याळ तासभर पुढे गेलं. काकांनी लगेच जेवणाची वेळ झाल्याचं जाहीर केलं.

चुलीशी एक आजोबा बसले होते. तोंडभर गोंदण, गळ्यात पितळेची इवलीशी मुंडकी. हे गोंदण पूर्वी शत्रूचं शिर आणणाऱ्यालाच मिळे, हे कळल्यावर काका जरा म्यानमारात सरकले.

“मोजणी कोणी केली?” त्यांनी ड्रायव्हरमार्फत विचारलं. सख्ख्या भावाशी बांधावरून कज्जा चालू असलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

आजोबांना प्रश्नच उमगेना. त्यांचे भाऊबंद पलीकडे, शेतं पलीकडे. 2024 मध्ये केंद्राने मुक्त ये-जा बंद करून कुंपण घालायचं जाहीर केलंय, हे काकांनी त्यांना समजावलं. आजोबांनी ऐकून घेतलं. मग धूर डोळ्यांत जायला लागला, तसे मोडा उचलून भारतात येऊन बसले.

“अहो, चला!” बाहेरून सुमोचा हॉर्न वाजत होता. काका भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकत होते.

“बघा, सांगत होतो ना,” ते माझ्या कानाशी लागले, “त्यांच्याकडे दोन पावलं जास्त गेलीत.”