सिमला ऑफिसच्या हद्दीत प्रिमरोझ

बियांपासून प्रिमरोझ वाढवून वसंताच्या तोंडावर बाल्कनीत रंग आणण्यासाठी तीन गोष्टी लागतात: थंडी, धीर आणि शेजाऱ्यांच्या कुंड्यांवर बारीक लक्ष. तिसरी गोष्ट पुण्यात मुबलक आहे.

थंडीसाठी शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवर विसंबू नये. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले. येताना त्याने फायली आणि नाव आणले, हवा तिथेच ठेवली. प्रिमरोझच्या बीला रुजायला १५ ते १८ अंश तापमान मानवते. पारा २० च्या बराच वर गेला की ते रुसते. त्यापुढे फूल यायला पाच-सहा महिने. आता हिशेब करा. ऑक्टोबरमध्ये पेरावे, तर दुपार ३२ अंशांची. डिसेंबरमध्ये पेरावे, तर फुलाचा मुहूर्त मे महिन्यात निघतो. इंग्रजी पुस्तके उन्हाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे जूनच्या सुमारास पेरा म्हणतात. आपल्याकडे मृगाच्या सरीत ते बी थेट खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळवणावर उतरते आणि तिथून वेगळाच विषय सुरू होतो.

हट्टच असेल, तर बी ओल्या फडक्यात गुंडाळून डबीत घालावे आणि तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे. डबीवर ‘ही खसखस नाही’ असे ठळक लिहावे. अनारशांच्या दिवसांत डबी कुलूपबंद असणे इष्ट.

प्रिमरोझचे पुण्याशी नाते काढायचेच, तर ते एम्प्रेस गार्डनमार्गे निघते. ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांचे हे आवडते फूल मानले जाई. त्यांच्याच सरकारने १८७६ मध्ये कायदा करून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब दिला, आणि त्या किताबावरून आपल्या बागेला एम्प्रेस म्हणू लागले. डिझरायलींच्या पुण्यतिथीला, १९ एप्रिलला, इंग्लंडात लोक कोटाला प्रिमरोझ लावत. पुण्यात १९ एप्रिलला लग्नातला नवरदेव सोडला तर कोणी कोटच घालत नाही. विषय संपला.

तेव्हा शहाण्या माणसाने प्रिमरोझचे पाकीट दिवाणखान्यात सहज दिसेल असे ठेवावे आणि पेरावा पिटुनिया.

पेरणीचा काळ पाऊस ओसरल्यावरचा. पितृपक्षात नवे काही सुरू करायचे नाही असे घरातून सांगितले जाईल. ऐकावे, पाऊसही तोवर मागे सरतो. घटस्थापनेचा दिवस उत्तम, फक्त ट्रे देवघरापासून लांब ठेवावा. आजीचा घट नऊ दिवसांत तरारून वर येतो. त्याला कोकोपीट नाही, पर्लाइट नाही, थर्मामीटर नाही. तुमच्या ट्रेमध्ये तेव्हा जेमतेम हिरवे ठिपके असतील, आणि घरात तुलना होतेच.

आता कृती. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोके पाडावीत. कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत भरून ओले करावे. पिटुनियाचे बी इतके बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास भरते. म्हणून ते चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरावे. पंखा बंद असावा. शिंक येत असल्यास बाहेर जाऊन यावे. वर माती घालू नये, या बीला रुजायला उजेड लागतो. पाणीही वरून नको. डबा परातीत ठेवून खालून पाणी पिऊ द्यावे. आठ-दहा दिवसांत रुजते.

यानंतर मर. एका रात्रीत रोपे बुडाशी काळी पडतात आणि आडवी होतात. ही बुरशी जास्त ओलीने येते. जास्त ओल येते ती घरातल्या प्रत्येकाने ‘कुणी घातलं नसेल, आपण तरी घालावं’ म्हणून घातलेल्या पाण्याने. पाण्याचे खाते एकाच व्यक्तीकडे द्यावे आणि अविश्वास ठराव दाखल करून घेऊ नये.

चार-सहा पाने आली की रोपे कुंडीत हलवावीत. पुढे शेंडे खुडायचे असतात. खुडल्याने फुटवे येतात आणि फुले वाढतात. बहुतेकांना हे जमत नाही. मुलाच्या जावळाला कात्री लावताना डोळ्यांत पाणी येणाऱ्या घरात हे काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावे.

सगळे जमले तर जानेवारीत बहर. त्याच सुमारास, प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे, एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. ते भरवणारी ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० सालची. तिथे पिटुनियाच्या ताटव्यासमोर उभे राहून शेजारच्याला ऐकू जाईल असे विचारावे, “बियांपासून केलेत, की रोपं आणून लावलीत?” एवढ्या सगळ्या खटाटोपाचे प्रयोजन हा एक प्रश्न आहे. फुले काय, कुठूनही आणता येतात.

काहीच जमले नाही तर सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे जावे. नर्सऱ्यांमध्ये कळ्या धरलेली तयार रोपे मिळतात. ती डिकीत ठेवून आणावीत आणि रात्री अकरानंतर लावावीत. काळ्या पिशव्या आपल्या इमारतीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. कचरा नेणाऱ्या ताईंना सगळे कळते. सकाळी कोणी विचारलेच, तर बियांचे पाकीट कोणत्या दुकानातून, केवढ्याला आणि घासाघीस करून किती कमी करून आणले ते सविस्तर सांगावे. तेवढे खरे असते.