बाळराजांची ब्रेकव्हॅन

नऊ महिन्यांच्या नातवाला घेऊन बाळकुमहून डोंबिवलीला जायचं ठरलं, तेव्हा बॅग भरायचं काम मी मागून घेतलं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात 34 वर्षं काढलेल्या माणसाने एक डायपर बॅग भरायची म्हणजे निवृत्त हेडमास्तरांनी पाटीवरचं ग म भ न तपासण्यासारखं. सूनबाई म्हणाली, "कशाला बाबा, मी भरते." मी तिला ब्रेकव्हॅन कशी भरतात ते सविस्तर समजावलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माहेरी जायचं असलं की ती पुष्कळ ऐकून घेते.

नियम सोपा आहे. शेवटच्या स्टेशनचा माल सगळ्यात आत, पहिल्या स्टेशनचा दाराशी. भुसावळच्या पोत्यांमागे नाशिकची पेटी अडकली, तर नाशिकला हमाल पोती उपसत बसतो, गाडी सुटते, आणि पेटी भुसावळची हवा खाऊन परत येते. हाच नियम मी नातवाला लावला. रिक्षात लागणारा खुळखुळा अगदी वर. त्याखाली, ठाणे स्टेशनवर भूक लागली तर नाचणीचं सत्त्व, वाटी, चमचा. त्याखाली दुपटी, टोपरं, दोन झबली. आणि डायपर? चिरंजीव इंजिनिअर. त्याने सांगितलं की आत सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे असतात, ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात, निघताना नवा घातला की डोंबिवलीपर्यंत बघायला नको. म्हणजे डायपर हा डोंबिवलीचा माल. सहाच्या सहा तळाशी गेले.

चिरंजीवाने पुढे असंही सांगितलं की अमेरिकेत व्हिक्टर मिल्स नावाचे एक इंजिनिअर नातवंडाचे कापडी लंगोट बदलून वैतागले आणि त्यातून 1961 साली पॅम्पर्स बाजारात आलं. म्हणजे हा शोध आजोबांचा. माझा हुरूप वाढला. दाणे ओलं धरतात, बाकीच्याचं काय, हे विचारायचं मात्र तेव्हा सुचलं नाही.

हलव्याचे दागिने हा एकच अपवाद. संक्रांतीनंतरचा रविवार, डोंबिवलीला व्याह्यांकडे बोरन्हाण. मुकुट, हार, बाजूबंद, बासरी, सगळं हलव्याचं. माल डोंबिवलीचाच, पण 'नाजूक, जपून हाताळा' या वर्गातला, म्हणून वर.

एवढं करून मी चेन लावली आणि चहाला गेलो. परत येतो तो बॅग फुगलेली. आमच्या हिने वेखंड, हिंगाची डबी, कुंची आणि दृष्ट काढायला मीठ-मोहरीची पुडी घुसवली होती. सूनबाईने ओल्या पुसण्यांची दोन पाकिटं, सॅनिटायझर आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या. चिरंजीवाने थर्मामीटर. खरं सांगायचं तर त्यात मीही बॅटरी, सुतळीचा गुंडा आणि शब्दकोड्यासाठी त्या दिवशीचा पेपर सरकवला होता. पेपरवरून सगळे हसले. एकूण बॅगेत बाळाचं सामान थोडं, आणि चार मोठ्या माणसांची भीती घड्या घालून ठेवलेली. सवयीने वजन केलं. नातू 8 किलो 900, बॅग 9 किलो 100.

चिरंजीवाला रविवारीही ड्युटी होती, तो परस्पर येणार होता. आम्ही तिघं, बाळराजे आणि बॅग बाळकुम नाक्यावर रिक्षात बसलो. गावाच्या नावातच बाळ आहे, पण रस्ता बाळाच्या सोयीचा आहे असं कोणी म्हणणार नाही. मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत, कापूरबावडी आणि माजिवड्याचे सिग्नल मोजत आम्ही चाललो होतो. खुळखुळा वरच होता. नियम बिनचूक लागू पडत होता. खोपटच्या एसटी स्टँडजवळ आल्यावर ही म्हणाली, "हिरकणी रायगडाचा कडा उतरली, तेव्हा खांद्यावर काय होतं हो तिच्या?" मी उत्तर दिलं नाही. तिचं बाळ घरी होतं, हा मुद्दा लोक विसरतात.

ठाणे स्टेशनात शिरलो की माझी छाती फुगते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली, 14 डबे, 400 माणसं. पुढच्या वर्षी 1 मे रोजी ती कल्याणपर्यंत गेली. त्या 400 जणांत नऊ महिन्यांचं कोणी असतं, तर कल्याणपर्यंत रूळ टाकायचा उत्साह साहेबाला उरला असता का, शंका आहे. हे मी सूनबाईला सांगत होतो, तेवढ्यात धीमी लोकल आली. सूनबाई नातवाला घेऊन लेडीज डब्यात, ही तिच्यामागे. बायकांच्या हातात ओझं नको म्हणून बॅग माझ्या खांद्यावर. गर्दीने मला शेजारच्या डब्यात ढकललं. गाडी सुटल्यावर लक्षात आलं की बाळ एका डब्यात आणि बाळाचा सगळा माल दुसऱ्या डब्यात. पार्सल ऑफिसात अशा प्रकाराची वेगळी वही असायची.

कळव्याच्या आत फोन वाजला. "अहो, त्याने केली!"

"काय केली?"

"आता काय सांगू, डबाभर बायका आहेत! डायपर द्या."

लेडीज डब्याला लागून जो पुरुषांचा डबा असतो, त्याच्या मधल्या गजांतून पलीकडचं दिसतं, म्हणून चावट पोरं त्याला 'व्हिडिओ कोच' म्हणतात. आयुष्यभर मी त्या डब्यापासून लांब राहिलो होतो. 67व्या वर्षी नेमका त्यात उभा होतो आणि गजांवर टकटक करत होतो. पलीकडून एका बाईने असं पाहिलं की मी नातवाचं नाव, वय आणि वजन एका दमात सांगून टाकलं.

गजांतून बॅग जाईना. एकेक वस्तू काढणं आलं. खुळखुळा निघाला. हलव्याचा मुकुट निघाला. तो धरायला शेजारच्या तरुणाने दोन्ही हात पुढे केले आणि मुंब्र्यापर्यंत तो आरतीच्या ताटासारखा मुकुट धरून उभा होता. सत्त्वाचा डबा, वाटी, वेखंड. "काका, डायपर खालीच असणार," एकजण अनुभवाने म्हणाला, "आमच्याकडे पण खालीच असतो." मीठ-मोहरीची पुडी फुटली. आता अख्ख्या डब्याची दृष्ट निघाली. बाहेर एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मुंब्रादेवीचा डोंगर, आणि मी कोपरापर्यंत बॅगेत. ठाणे ते डोंबिवली अंतर फक्त 14 किलोमीटर, पण तळ काही लागेना.

दिवा आलं तेव्हा डायपर हाताला लागला. विजयाने गजांतून आत दिला, तर सूनबाई म्हणाली, "झालं बाबा." पलीकडे एकीने पिशवी फाडून बाकावर पसरली होती, दुसरीने बाटलीतलं पाणी ओतलं होतं, आणि दिव्याला उतरणाऱ्या एका आजींनी उतरता उतरता कोणाच्या तरी मऊ ओढणीचा लंगोट असा घट्ट बांधला होता की बाळराजे हसत होते. चार अनोळखी बायका, सामान शून्य.

"फक्त पेपर असेल तर द्या," सूनबाई म्हणाली.

वापरलेला डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायचा, असं 2016 च्या घनकचरा नियमांत म्हटलं होतं. लोकलमध्ये सुक्या कचऱ्याचा डबा नसतो आणि ओल्याचाही नसतो. शब्दकोड्याचं पान मी मुकाट्याने दिलं. उभा सहा राहिलाच. दोन मिनिटांनी पुडकं गजांतून परत आलं. "हे तेवढं बॅगेत ठेवा."

हात सवयीने चालू लागले. पुडक्यावर सुतळीचे चार वेढे, वर पार्सल ऑफिसची ती दुहेरी गाठ, आणि सगळ्यात आधी उतरवायचा माल म्हणून ते बॅगेत अगदी वर.

डोंबिवलीत उतरलो. कचऱ्याचा डबा शोधू म्हणेपर्यंत व्याही स्टेशनवर हजर, रिक्षा तयार, गप्पा सुरू. घरी पोचलो, विहीणबाईंनी बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि कौतुकाने बॅग माझ्या खांद्यावरून उतरवून घेतली. दागिने काढायला चेन उघडली.

"अगंबाई! कशाला आणलात एवढा खाऊ?" पुडकं त्यांच्या हातात होतं. "अजून कोमट आहे. ठाण्याचे ताजे पेढे वाटतं?"

व्याही चष्मा लावून गाठ सोडवायला बसले. पार्सल ऑफिसची गाठ सहजी सुटत नाही. मी चपला न काढताच आत धावलो.