अव्वल कारकुनांची विश्रांती

रजेच्या अर्जातील 'कारण' या रकान्याइतकी मनुष्यस्वभावाची जाणकार जागा सरकारी दफ्तरात दुसरी नसेल. देवकार्य, लग्न, बाळंतपण, गावाकडील जमिनीची मोजणी, सासुरवाडीकडील मयत आणि यांपैकी काहीच हाताशी नसले तर 'खाजगी काम', एवढ्या भांडवलावर कारकुनांच्या कित्येक पिढ्यांनी आपल्या रजा मंजूर करून घेतल्या. कोल्हापुराने या यादीस आपल्या परीने काही पुरवण्या जोडल्या: चैत्री पौर्णिमेची जोतिबाची यात्रा, खासबागेत ठरलेली एखादी मोठी कुस्ती आणि शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाचा अंतिम सामना. ही कारणे अर्जात कोणी लिहीत नाही. पण रजा मंजूर करणारा अधिकारीच मैदानावर दोन रांगा पुढे बसलेला सापडत असल्यामुळे ती लिहिण्याची गरजही पडत नाही. अशा या सुरळीत चाललेल्या राज्यात अलीकडे एका नव्या अर्जदाराचा प्रवेश झाला आहे. त्याच्या घरी लग्न नाही, मयत नाही, त्याला ज्वर नाही की पोटशूळ नाही. त्याचे मन थकले आहे, आणि त्या मनाला एक दिवस स्वस्थ पडू द्यावे, एवढ्यासाठीच तो रजा मागतो.

या जातीचा अस्सल नमुना आमच्या परिचयाचा आहे. शिवाजी पेठेत राहणाऱ्या, एका कचेरीत अव्वल कारकून या हुद्द्यावर असलेल्या आणि साऱ्या पेठेत रावसाहेब या बिरुदाने ओळखल्या जाणाऱ्या या सद्‌गृहस्थांचे वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि श्रद्धा नियमावलीवर. लग्नाची निमंत्रणपत्रिका हाती आली तरी मुहूर्ताच्या आधी तीवर तारीख घातली आहे की नाही हे ते पाहतात. आणि घरातील वाण्याची बिलेसुद्धा त्यांनी आवक-जावकाच्या शिरस्त्याने लावून ठेवली आहेत. असा मनुष्य केवळ लहरीखातर विश्रांती घेईल, हे संभवत नाही. त्यास अधिकृत प्रेरणाच मिळावी लागते, आणि ती मिळाली.

दहा ऑक्टोबर हा दिवस जगात १९९२ पासून मानसिक आरोग्याचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने कचेरीत एका डॉक्टरांचे व्याख्यान झाले. दुपारच्या जेवणानंतरची वेळ असल्यामुळे बहुतेक श्रोत्यांनी विषयाचे प्रात्यक्षिक जागच्या जागी करून दाखविले. टिपणे घेतली ती एकट्या रावसाहेबांनी. रात्री मध्येच जाग येणे, जाग आल्यावर प्रलंबित प्रकरणे क्रमांकासह आठवणे, क्षुल्लक कारणावरून संतापणे आणि अन्नावरची वासना उडणे ही थकलेल्या मनाची लक्षणे होत, असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा पहिल्या तीन लक्षणांना रावसाहेबांनी निर्विकारपणे बरोबरची खूण केली. चौथ्यापाशी मात्र त्यांची लेखणी थांबली. मागल्या रविवारी ताटातला पांढरा रस्सा आपण पहिल्याच वाटीवर आटोपला, हे त्यांना स्मरले. आणि ज्या शहरात पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी नाकारणारा मनुष्य एकतर वारकरी झाला असे समजतात किंवा अत्यवस्थ आहे असे समजतात, तेथे या पुराव्याचे गांभीर्य त्यांस निराळे सांगावे लागले नाही.

ऑक्टोबरात ऐकलेल्या या व्याख्यानाची अंमलबजावणी एप्रिलात झाली. मध्यंतरी मार्चअखेर होती, आणि मार्चअखेरपूर्वी मन थकण्याची सोय सरकारी नोकरीत नाही.

रावसाहेबांनी प्रथम १९८१ चे रजा नियम बाहेर काढले. अर्जित रजा ही लेकीच्या लग्नासाठी साठवायची ठेव असल्यामुळे तिला हात लावणे शक्य नव्हते. परिवर्तित रजेस वैद्यकीय दाखला लागतो, आणि मनाचा दाखला आणावयास गेलो तर परत येईपर्यंत तो पेठेत वाचून झालेला असेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. राहता राहिली वर्षाकाठच्या आठ दिवसांची नैमित्तिक रजा. परंतु तिच्याविषयीचे कलम बारकाईने वाचता असे निष्पन्न झाले, की नैमित्तिक रजा ही नियमाच्या दृष्टीने मुळी रजाच नव्हे. ती भोगणारा नोकर कामावर गैरहजर समजला जात नाही. ज्या दिवशी आपण काहीही करणार नाही त्या दिवशी आपण शासनाच्या लेखी कामावरच राहणार, हा विचार दुसऱ्या कोणास सुखावून गेला असता. रावसाहेब त्या रात्री झोपले नाहीत.

अर्जाचा मसुदा त्यांनी स्वतःच्या हाताने केला. नवीन गोष्टीस पूर्वदाखला हवा, म्हणून त्यांनी लिहिले, की बेंदराच्या आदल्या दिवशी शेतकरी आपल्या बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो, सणाच्या दिवशी त्यास जू लावीत नाही, आणि याकामी बैलाकडून कोणतेही प्रमाणपत्र मागितल्याचे ऐकिवात नाही. सबब अर्जदारासही एक दिवसाची विश्रांती अनुज्ञेय व्हावी. अर्ज तिसऱ्या प्रहरी परत आला. त्यावर साहेबांचा शेरा होता: 'बैलाबाबतचा मजकूर वगळून फेरसादर करावे.' शेजारच्या टेबलावरील अनुभवी लिपिकाने हळूच सुचविले, "रावसाहेब, पोट बिघडलंय म्हणून लिवा की. पोटाला कोण इचारत न्हाई." सल्ला व्यवहाराचा होता. या शहरात पोटाची पत मोठी आहे. तांबड्या रश्श्याच्या मुलुखात कोणाचे पोट कधी बिघडले याची चौकशी करणे असभ्यपणाचे मानतात. पण रावसाहेब खोटे लिहीनात. त्यांनी बैल काढला आणि मन ठेवले.

येथे जरा थांबून आमच्या समाजाची बाजूही मांडली पाहिजे. विश्रांतीचा दिवस हा आम्हांस आयता मिळालेला नाही. आज ज्या रविवारी आपण दहापर्यंत लोळतो, तो मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे अर्ज, सभा आणि सह्यांची खटपट करून १० जून १८९० रोजी पदरात पाडून घेतला, आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही एक कारण त्यांनी पुढे केले होते. सत्यशोधक लोखंड्यांनाही सुट्टीसाठी देवाचा वशिला लावावा लागला, यातच सारे आले. निव्वळ थकलेल्या माणसासाठी सुट्टी मागितली, तर ती मिळण्याची शाश्वती नव्हती. आमच्याकडे रविवार जोतिबाचा. तेव्हा सुट्टी मिळताच आम्ही ती डोंगर चढण्यात खर्च केली, आणि खाली उतरल्यावर जे काही शिल्लक राहिले ते मटणाच्या दुकानापुढील रांगेत जमा केले.

तर एका बुधवारी रावसाहेब रजेवर गेले. विश्रांतीचे वेळापत्रक त्यांनी आदल्या रात्री फुलस्केप कागदावर आखून, उजव्या बाजूस 'शेरा' असा रकाना सोडून तयार ठेवले होते. सकाळी पाच ते साडेपाच अंथरुणात जागे पडून राहणे, सहा वाजता गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध, दहा ते बारा रंकाळ्यावर निसर्गदर्शन, दुपारी दीड ते चार निद्रा. अंथरुणात पडून राहण्याचा कार्यक्रम वीस मिनिटे आधीच आटोपला, हा पहिला शेरा. दूध मात्र उत्तम लागले.

घोटाळा रंकाळ्यावर झाला. रंकाळ्याला सकाळी सहा वाजता चालणारा मनुष्य आरोग्याचा भोक्ता समजला जातो, आणि सायंकाळी सहा वाजता कठड्यावर बसून भेळ खाणारा मनुष्य रसिक. परंतु बुधवारी सकाळी साडेदहा वाजता, सरकारी नोकरीतील एक प्रौढ गृहस्थ समोरच्या संध्यामठाकडे एकटक बघत निश्चल बसला आहे, हे दृश्य कोल्हापूरकरांच्या अंगवळणी पडलेले नाही. पहिल्यांदा एक ओळखीचा रिक्षावाला उतरून उगाच शेजारी उभा राहिला. मग शहाळी विकणारा आपली गाडी ढकलत जवळ आला. थोड्या वेळाने फिरावयास आलेल्या, पूर्वी कधी न पाहिलेल्या एका मावशींनी अत्यंत मायेने विचारले, "दादा, घरात समदं बरं हाय न्हवं?" आणि उत्तराची वाट न पाहता, "जरा हिकडं सरून बसा, तिकडं शेवाळ हाय," असे सांगितले. रावसाहेबांनी आपण केवळ विश्रांती घेत असल्याचे तिघांस समजावून सांगितले. त्यावर रिक्षावाला म्हणाला, "व्हय व्हय, घ्या की. पर चला, घरात सोडतो. पैसं नगं." नकार देण्यात अर्थ नव्हता. त्या माणसाने रावसाहेबांस दारापर्यंत नव्हे, तर उंबऱ्याच्या आत पोचते केले आणि पोच दिल्यासारखी वहिनींची मान हललेली पाहूनच तो परतला.

वहिनी दारातच उभ्या होत्या. "अहो, बरं झालं लवकर आलात. रजा काढलीच आहे तर..."

मराठी संसारात या अर्ध्या वाक्याइतके भयंकर फर्मान दुसरे नाही. एप्रिल म्हणजे वर्षाच्या चटणीचा महिना. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी, देठ खुडून कडक उन्हात वाळवलेल्या. भाजलेले खोबरे, तीळ, धणे, गरम मसाला. शिवाय कांदा आणि लसूण निराळे. हा सर्व ऐवज दोन डब्यांत आणि एका पिशवीत भरून कांडपाच्या गिरणीत न्यावयाचा होता. तेथे नंबर लावून बसावे लागते, कारण आपल्या मिरच्यांवर नजर न ठेवता जो घरी जातो त्याच्या चटणीत दुसऱ्याच्या हलक्या मिरच्या येतात, असा कोल्हापुरी गृहिणींचा सिद्धान्त आहे, आणि तो खोडून काढण्याचे धैर्य अद्याप कोणा पुरुषाने दाखविलेले नाही. (ज्यांच्या नोकरीत रजेचा हिशेबच ठेवलेला नाही, त्या वहिनी आजवर दरसाल हे काम एकट्याच करीत आल्या होत्या, ही गोष्ट रावसाहेबांस गिरणीतील बाकावर प्रथमच कळली.) नियोजित निद्रेच्या वेळी ते गिरणीच्या त्या बाकावर, नाकाला रुमाल बांधून, डोळ्यांतून अखंड धारा वाहत असलेल्या स्थितीत बसले होते. अशा समयी कचेरीतून दूरध्वनी आला: संगणकाचा परवलीचा शब्द काय, आणि गेल्या सालची ती संचिका कोणत्या कपाटात आहे? रावसाहेब नियमास धरून कामावरच होते. त्यांनी शिंकत शिंकत दोन्ही गोष्टी सांगितल्या. पलीकडच्याने मात्र साहेबांस असे कळविले, की रावसाहेब रडत आहेत.

सायंकाळपर्यंत बातमी तालमीत पोचली. रात्री तालमीचे वस्ताद स्वतः भेटीस आले, सोबत जोतिबाचा गुलाल घेऊन. त्यांनी रावसाहेबांचा खांदा दाबून पाहिला आणि विचारले, "मन दुखतंय म्हनं?"

रावसाहेब संकोचाने म्हणाले, "दुखत नाही हो वस्ताद. थकलंय."

"मग तसं म्हना की. मोठी कुस्ती झाली की पैलवानाला दोन दिस निस्तं चोळायचं आन् झोपवायचं आसतंय. त्याला कोण खुळा म्हनत न्हाई." वस्तादांनी क्षणभर विचार केला. "तुमी कुणासंगं धरली हुती?"

"मार्चअखेरीशी."

वस्तादांनी गंभीरपणे मान डोलावली. तो पैलवान त्यांस ठाऊक नसावा. पण भारी असणार, हे त्यांनी मान्य केले. साऱ्या दिवसात रावसाहेबांचे म्हणणे विनाहरकत मंजूर करणारा हा एकच इसम निघाला. दुर्दैवाने लगेच त्यांनी पहाटे चार वाजता तालमीत येऊन शंभर बैठका मारण्याचा हुकूमही फर्मावला, आणि तेवढ्यावरही न थांबता रावसाहेबांस उठविण्यासाठी एक पठ्ठ्या पाठविण्याची तजवीज केली. तो वेळेवर आला.

गुरुवारी रावसाहेब मांड्या धरीत कचेरीत रुजू झाले. अकराच्या सुमारास संगणकाचे सर्व्हर बंद पडले. दाखल्यांसाठी आलेली मंडळी थोडा वेळ थांबून, सरकारास यथोचित शब्द अर्पण करून, पांगली. साहेब बैठकीस गेलेलेच होते. एक जुनी संचिका शोधण्यासाठी रावसाहेब अभिलेखाच्या खोलीत शिरले. लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरांच्या चळतींमागे, वर्षानुवर्षे शिपायाने आपल्या सोयीसाठी राखलेली एक सतरंजी होती. 'मिनिटभर टेकावे' म्हणून ते टेकले, आणि पावणेचार वाजता शिपायाने चहासाठी हलविले तेव्हा उठले. ना कोणी त्यांस काही विचारले होते, ना कोणी पाण्यापासून दूर बसविले होते, ना एकही मिरची कांडावी लागली होती. त्या रात्री त्यांनी पांढऱ्या रश्श्याच्या तीन वाट्या घेतल्या.

आता नैमित्तिक रजेचे उरलेले सात दिवस त्यांनी चटणीसाठी आणि यात्रेसाठी राखून ठेवले आहेत. मनाच्या बाबतीत त्यांचा बेत वेगळा आहे. फेब्रुवारी २०२० पासून शनिवारी कचेरी बंद असते. तेव्हा पुन्हा कधी थकवा जाणवला तर शनिवारी कामावर जावे, असे त्यांनी ठरविले आहे. फक्त अभिलेखाच्या खोलीची किल्ली शिपायाकडे असते, आणि शनिवारी दुपारी आपणास ती लागतेच, असे तो म्हणतो.