गुप्तधनाची वर्दी

निजामशाहीच्या मोहरांचे हंडे आपलीच प्रतीक्षा करीत भूमिगत झाले आहेत, अशा दृढ श्रद्धेने जे गृहस्थ नगर जिल्ह्यातील पडक्या गढ्यांभोवती रात्री-अपरात्री धातुशोधक यंत्र फिरवितात, त्यांच्या कानी त्या यंत्राची शीळ बहुधा घोड्याच्या नालेसाठी अथवा सोड्याच्या बुचासाठीच पडते. याच जिल्ह्यातील दायमाबादची प्राचीन कांस्यशिल्पे, म्हणजे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची, १९७४ साली ज्याच्या हाती लागली, तो शेतकरी यंत्राविनाच झाडाचे मूळ खणीत होता. शिवाय १८७८ च्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची वर्दी कलेक्टरसाहेबांस देणे बंधनकारक आहे. बुचांना मात्र सरकारने पूर्ण माफी बहाल केली आहे.