योगायोग? एवढा?

भाषा जुळवणारा माणूस ओळखायला सोपा. त्याच्या खिशात पेन असतं, पेनाला टोपण नसतं आणि टॅक्सीत बसल्याबरोबर तो ड्रायव्हरला विचारतो, "तुमच्यात एक ते दहा कसं म्हणतात?" घरात कोरियन मालिका लागलेली असली आणि त्यात कुणी बापाला 'आप्पा' म्हणून हाक मारली, की हा सोफ्यावरून ताडकन उठतो.

आमचे सांगलीचे भाऊकाका यातले अव्वल. वीजमंडळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी शंभर पानी वही आणली आणि पानापानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे एक भाषा, उजवीकडे दुसरी. शब्द जुळला की लाल खूण आणि "योगायोग? एवढा?" असा खडा सवाल. नाही जुळला तर समोर बारीक अक्षरात 'पुढे पाहू'. 'चूक' हा शेरा वहीत कुठेच नाही. काकी म्हणतात, "अहो, पुढे पाहू, पुढे पाहू करत वही संपली की!"

मागे दोघं मुलाकडे मिनेसोटातल्या सेंट पॉलला गेले, तेव्हा मीही तिथे होतो. लाओसमधलं युद्ध संपल्यावर, 1975 नंतर निर्वासित होऊन आलेल्या ह्मोंग लोकांची या शहरात मोठी वस्ती आहे. शेतकरी बाजारात त्यांचे कितीतरी गाळे. कारली, गवती चहा, मिरच्यांचे ढीग. काकी भाजीपाशी थांबल्या, काका भाजीवालीपाशी. आजीबाई गल्ल्यावर आणि कॉलेजात जाणारी नात हाताखाली. नातीने हसत हसत एक ते दहा रोमन लिपीत लिहून दिलं. मग शेजारून एक कुत्रं गेलं म्हणून काकांनी त्यालाही शब्द विचारला. तिने लिहिलं : डी, ई, व्ही.

काका उडालेच. "देव! अरे, कुत्र्याला देव म्हणतात हे लोक! आपल्या दत्तगुरूंच्या पायाशी काय असतं? योगायोग? एवढा?"

काकी मिरच्या निवडत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

पोरगी गुणी. तिने समजावून सांगितलं की शेवटचा व्ही उच्चारायचाच नसतो. त्यांच्या भाषेत सात-आठ सूर आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. ही रोमन लिपी 1950च्या दशकात लाओसमध्ये मिशनऱ्यांनी बसवली, तेव्हा सूर दाखवायला त्यांनी शब्दाच्या शेवटी मुकी अक्षरं जोडली. व्ही म्हणजे चढता सूर. शब्द नुसता 'दे'.

काका क्षणभरच गप्प झाले. "बरं, 'दे' तर 'दे'. कुत्रं दुसरं काय म्हणतं? दे, दे!" लाल खूण झालीसुद्धा.

पुढे सगळ्यांनी गाडीने ॲरिझोना गाठलं. अमेरिकेत आलेल्या प्रत्येक आईवडिलांना ग्रँड कॅनियन दाखवावंच लागतं, तसं यांनाही दाखवलं. काकांनी दरीकडे पाहून "खोल आहे" एवढाच अभिप्राय दिला. त्यांचं लक्ष होतं पुढच्या नवाहो आदिवासींच्या मुलखाकडे. तिथे रस्त्याकडेला चांदीचे आणि पिरोज्याचे दागिने मांडून बसलेल्या गृहस्थांना त्यांनी वहीसकट गाठलं. आकड्यांनी घात केला. दोनाला ह्मोंग म्हणतात 'ओ', नवाहो म्हणतात 'नाकी'. पाचाला तिकडे 'ची', इकडे 'अश्द्ला'. दहाच्या दहा 'पुढे पाहू'.

पण काका हार मानणारे नव्हेत. नवाहोतही सूर आहेत, उंच आणि खाली. शिवाय दोन्ही भाषा वस्तूचा आकार बघून बोलतात! ह्मोंगमध्ये वस्तू मोजताना आकड्याला जोडून एक शब्द येतो. गोल वस्तूला वेगळा, चपट्या वस्तूला वेगळा. नवाहोत 'मला दे' म्हणायचं तर वस्तू चेंडूसारखी आहे, दोरीसारखी, कापडासारखी की चिखलासारखी, त्यावर क्रियापद ठरतं. चुलतभाऊ म्हणाला, "बाबा, एकीकडे आकार नामापाशी, दुसरीकडे क्रियापदात. ह्मोंगचं क्रियापद कर्ता कुणीही असो, काळ कुठलाही असो, बदलत नाही. नवाहोचं क्रियापद एकटंच अख्खं वाक्य होऊन बसतं. जुळतंय कुठे?"

"तू सपीर वाचलायस?" काकांनी हुकमी पान टाकलं. एडवर्ड सपीर हा मोठा भाषाशास्त्रज्ञ, आणि 1920च्या दशकात त्याने नवाहोच्या कुळाचं चिनी-तिबेटी भाषांशी नातं असावं असं खरोखरच मांडलं होतं. ह्मोंगलाही चीनमधले अभ्यासक चिनी-तिबेटी कुळात धरत आले. बाहेरचे बहुतेक लोक तिचं ह्मोंग-मिएन हे वेगळं कुळ मानतात. काकांनी दोन्ही टोकं ओढून गाठ मारली. काकी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या साडूचा... नाही, तुमच्या साडूच्या साडूचा विहीण-व्याह्यांशी संबंध. आहेर करायचा का?"

चुलतभाऊ आता पेटला. 1942 साली अमेरिकेच्या मरीन दलाने 29 नवाहो तरुणांकडून सांकेतिक भाषा तयार करून घेतली. रणगाड्याला कासव, पाणबुडीला लोखंडी मासा, हातबॉम्बला बटाटा. जपान्यांना ती शेवटपर्यंत फुटली नाही. "आशियातल्या भाषेशी नातं असतं, तर कुणाला तरी कळली नसती का?"

काका शांतपणे म्हणाले, "जपानी सैन्य तेव्हा इंडोचायनातच होतं. ह्मोंग माणूस हाताशी होता. विचारलं नाही त्यांनी. विचारायला हवं."

याच्यापुढे काय बोलणार?

आणि खरं सांगायचं तर विचारावं ते काकांनीच. सेंट पॉलच्या त्या बाजारात बाकीची गिऱ्हाइकं कारल्याचा भाव विचारतात; काकांनी आजीबाईंना त्यांचं गाव विचारलं. त्यातून शाँग लू यांग यांची गोष्ट निघाली. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकऱ्याने 1959 मध्ये आपल्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी घडवली आणि 1971 मध्ये त्यांची हत्या झाली. काकांनी या गोष्टीसाठी वहीतलं अख्खं पान दिलं, मधली रेघ न मारता.

भाऊकाकांचा एकही निष्कर्ष टिकायचा नाही. ह्मोंग आणि नवाहो या दोन भाषा एकमेकींच्या कुणीही लागत नाहीत. पण असा एक माणूस प्रत्येक घरात असावा. तुमच्याकडे असेल तर त्याला दर वर्षी नवी वही आणून द्या. लांबच्या प्रवासात मात्र त्याला ड्रायव्हरशेजारी बसवू नका.