परीक्षक महोदय, आपले आभार मानावेत तेवढे थोडेच

सन्माननीय परीक्षक महोदय,



आमच्या दादांच्या वर्किंग मेमरीची तपासणी आपण टेबलावरचा चहा निवायच्या आत उरकलीत, त्याबद्दल प्रथम आभार. पक्षाघातानंतर दादांना वाचाघात झाला आहे. शब्द सापडत नाहीत, सापडले तर भलतेच तोंडून निघतात. केसपेपरच्या पहिल्याच ओळीत हे लिहिले होते. ती ओळ वाचण्यात आपण वेळ दवडला नाहीत. दादांनी त्याच क्रमाने परत म्हणावेत म्हणून थेट आकडे म्हणायला घेतलेत, सेकंदाला एक, आणि तेही इंग्रजीत. दादांनी जन्मभर हिशेब मराठीत केला, ही त्यांचीच चूक.

'चार'च्या जागी दादा 'सात' म्हणाले. त्या क्षणी त्यांच्या डाव्या हाताची चार बोटे वर होती. आपली नजर कागदावरून हलली नाही, फुली मात्र अचूक पडली. एवढी एकाग्रता हल्ली कुठे पाहायला मिळते?

आपण निवडलेली चाचणीही खानदानी. जोसेफ जेकब्ज यांनी 1887 मध्ये ती शाळेतल्या मुलांवर केली, डेव्हिड वेक्सलर यांनी 1939 च्या स्वतःच्या बुद्धिमापन चाचणीत घेतली. त्या मुलांची वाचा शाबूत होती, हा क्षुल्लक फरक आपल्यासारख्या अनुभवी माणसाने कशाला मोजावा? बॅडली आणि हिच यांनी 1974 मध्येच सांगून ठेवले की वर्किंग मेमरी एकसंध नसते. ऐकलेले शब्द धरणारा भाग वेगळा, पाहिलेले धरणारा वेगळा, आणि या दोघांना कामाला लावणारा तिसराच. एका खोलीचे दार अडकले म्हणून आपण सारा वाडा पडका ठरवलात. केवढी ही दूरदृष्टी!

वाचाघातात शब्द क्षणभर धरून ठेवण्याची ताकद खरोखर घटू शकते, हे मला मान्य आहे. दादांचीही घटली असेल. पण आकडा ऐकताना निसटला, धरून ठेवताना निसटला की बोलताना, हे निराळे करून पाहायला नको का? आपण तिन्हींचा मिळून एकच गुण दिलात. शाईची मोठीच बचत झाली.

मॉन्ट्रियलच्या फिलिप कॉर्सी यांच्या ठोकळ्यांचे नाव आपल्या कानावर असेलच. नऊ ठोकळे. तपासणाऱ्याने काहींना एकेक करून बोट लावायचे, रुग्णाने त्याच क्रमाने लावायचे. उत्तराला तोंड उघडावे लागत नाही. दादांचा उजवा हात लुळा आहे, तेव्हा ठोकळे डाव्या हाताच्या आवाक्यात ठेवायचे. ठोकळे नसतील तर कोऱ्या कागदावर एक ते नऊ लिहून 'बोटाने दाखवा' म्हणता आले असते. एवढा खर्च आपल्यावर टाकणे मलाच जड गेले असते.

आपल्या अहवालातले 'स्मरणशक्ती अत्यंत क्षीण' हे तीन शब्द घरात फार उपयोगी पडले. धाकट्या काकांनी लगेच दादांचे पासबुक स्वतःकडे ठेवायचा विषय काढला. स्पीच थेरपीवर आता कशाला पैसे घालायचे, असेही कुणीतरी म्हणाले. दादा शेजारीच बसले होते. ऐकून त्यांना सगळे समजत होते, उत्तर देता येत नव्हते. त्याच संध्याकाळी मेंढीकोटात किती मेंढ्या निघाल्या आणि हुकमाचे पान कुणाकडे उरले, हे एकट्या दादांच्या ध्यानात होते. डाव त्यांनीच जिंकला. पण पत्त्यांचा निकाल केसपेपरला जोडता येत नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात वाचाघाताची नोंद वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वात आहे. कायद्याला जमले ते आपल्याला कठीण जाऊ नये. म्हणून हात जोडून विनंती, 'स्मरणशक्ती'वर रेघ ओढा आणि तिथे लिहा, 'बोलण्याच्या अडचणीमुळे निष्कर्ष काढता आला नाही'. मग फेरतपासणीची तारीख कळवा. दादांना घेऊन येतो. आकड्यांचा कागद मी घरूनच आणीन.



आपला नम्र,
दादांचा मुलगा